ताजं डोकं

कालिंदीने रोजच्यासारखं नवऱ्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. आतलं डोकं दमलेलं असलं की हेल्मेटवर लाल दिवा लागायचा आणि मोटरसायकल सुरूच व्हायची नाही. म्हणून एक पाळी संपवून दुसऱ्या पाळीला निघताना अंबादास बायकोच्या डोक्यावर गाडी सुरू करून घ्यायचा, मग हेल्मेट स्वतः घालायचा.

आज दिवा लालच राहिला.

"नीट बसव गं. आज खाडा झाला तर नोकरी जाईल."

"नीटच बसवलंय."

"मग? तू तर दिवसभर घरीच असतेस!"

"असं तुम्ही म्हणता," ती हेल्मेटमधूनच म्हणाली. "ह्याला विचारा."

अंबादासने किल्ली काढून खिशात टाकली आणि तो घरात गेला. कालिंदी पायरीवर टेकली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "चहाची पावडर कुठे ठेवतेस?"