अंजिरावरचं घरटं

त्या सकाळी अंगणातल्या अंजिराची दोन पानं शिवून शिंपी पक्षीण घरटं करत होती. काका कॅमेऱ्यामागं श्वास रोखून बसले होते. “काका, चहा!” कप घेऊन आलेली मुलगी दारातून ओरडली. “हळू, पोरी! उडून जाईल ती.” “लातूरभरच्या क्लासची पोरं गल्लीतून गाड्या पळवतात ते चालतं, माझीच हाक नडते व्हय?” काका गालात हसले. किल्लारीच्या भूकंपात आई-वडील गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. शेजारच्या या एकट्या माणसानं तिला वाढवलं. त्यांना वडील म्हणावं असं कितीदा वाटलं, पण म्हटलं की हेही जातील, ही धास्ती सुटली नाही. त्याच दिवशी दुपारी काका झोपले ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ती कॅमेऱ्यामागं बसली. पक्षीण चोचीतला कापूस आत सारत होती. “बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “झालं बघा घरटं.”