तिप्पण्णाचं इंग्रजी

“मी काल बाजारात जाईन,” असं तिप्पण्णाने इंग्रजीत ठासून सांगितलं आणि अंकुशराव मास्तरांना मनातून बरं वाटलं. ही चूक दुरुस्त करण्यात आजचा तास जाणार होता, कदाचित उद्याचाही. तिप्पण्णा चुकत होता तोवर मास्तरांचं इथलं राहणं पक्कं होतं. असं बरं वाटल्याची त्यांना लाजही वाटली, पण थोडीच.

मास्तर इंग्रजी मुलखातले, कऱ्हाडचे. दीड वर्षापूर्वी जकात नाक्यावर पेटी उघडून दाखवून ते निजामाच्या राज्यात कल्याणीला आले, ते शाळेत नोकरी मिळेल या आशेने. तिथे त्यांना गैरमुल्की, म्हणजे बाहेरच्या राज्यातले, म्हणून वाटेला लावलं. रिकाम्या हातांनी भावाच्या दारात परत जायचं त्यांच्या जिवावर आलं. कल्याणीतल्या एका मठाच्या ओट्यावर ते उपाशीच बसून राहिले.

शेंगांची आडत असलेल्या घरातली सिद्धव्वा त्या मठात रोज यायची. तिने त्यांना जेवायला बोलावलं. मास्तरांनी हात जोडले आणि काम केल्याशिवाय आपण कुणाच्या घरचं खात नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या कुणी हट्टाने ओढून नेलं असतं. पण सिद्धव्वाचं घर बसवण्णांना मानणारं. कायक केल्याशिवाय, म्हणजे हातून काम झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे त्या घरात पोराटोरांनाही ठाऊक. तिला आग्रह करता येईना.

“काय येतंय मग तुम्हाला?” तिने विचारलं.

“इंग्रजी.”

कल्याणीत कचेरी उर्दूत चाले, बाजार कानडीत, बरीचशी घरं मराठीत. इंग्रजीला तिथे कुणी विचारत नव्हतं.

“मग आमच्या धाकट्याला शिकवा की,” ती म्हणाली. “त्याला काईच येत न्हाई.”

हा धाकटा मुलगा म्हणजे तिप्पण्णा. पंचविशीतला गडी, चार वर्षं पुण्याला एका आडत्याकडे काढून आलेला, असं घरातले सांगत. शेंग हातात घेऊन तेल किती निघेल ते तो सांगे. इंग्रजी म्हटलं की मात्र त्याची गाडी चिखलात रुतायची. कऱ्हाडची पोरं वर्षानुवर्षं त्याच त्या चुका करत. तिप्पण्णाची चूक रोज नवी असे. मास्तरांना त्याचंही कौतुक वाटू लागलं होतं.

घरच्यांचं तर किती सांगावं! माडीवरची वाऱ्याची खोली त्यांना दिलेली. दोन्ही वेळा गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि सिद्धव्वाचं “मास्तरअण्णा, अजून अर्धी घ्या.” मुंबईच्या कंपनीचा गोरा साहेब शेंगा बघायला आला, त्या दिवशी तिने त्यांना मुद्दाम मळ्यात हुरडा खायला धाडलं. मागाहून कळल्यावर मास्तर हळहळले. दुभाष्याचं काम तरी झालं असतं हातून. पण हुरडा फार गोड होता. एकंदरीत परमुलखात ते सुखात होते, आणि कऱ्हाड आता त्यांना आठवावं लागत होतं.

अशात सिद्धव्वाचे भाऊ, ईरण्णा वकील, गुलबर्ग्याहून आले. भाच्याची इंग्रजीत कुठवर मजल गेली ते आपण बघणार, असं त्यांनी जेवतानाच जाहीर केलं.

मास्तरांनी उचललेला घास ताटात ठेवला. तिप्पण्णाला काहीच आलं नाही, तर असला मास्तर पोसायचा कशाला? आणि सगळं आलं, तरी मास्तर हवाय कशाला? दोन्हीकडून पेटी बांधायची वेळ येणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शिष्य अर्धामुर्धा पास व्हायला हवा होता.

परीक्षा दुसऱ्या दिवशी माडीवर झाली. वकिलांनी शेंगांचा भाव विचारला; तिप्पण्णाने बरोबर सांगितला. घरात माणसं किती, तेही सांगितलं. मग वकिलांनी पावसाचं विचारलं आणि तिप्पण्णाने उत्तरात बैलांना आभाळात चढवलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सिद्धव्वा दाराशी पदर चावत उभी होती.

वकिलांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

“मास्तर चांगले हाईत,” ते शेवटी म्हणाले. “पोरगंच जड हाय. अजून दोन वर्षं तरी लागतील, अक्का.”

सिद्धव्वा खाली गेली आणि तिने तवा ठेवला. त्या दुपारी होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, झाल्या. मास्तर नको नको म्हणत चार होळग्या जेवले. दोन वर्षं! त्यांना तिप्पण्णाला उराशी धरावंसं वाटत होतं.

वकील बस गाठायला निघाले, तिप्पण्णा त्यांना पोचवायला गेला. थोड्या वेळाने मास्तरांना कोपऱ्यात वकिलांची छत्री दिसली. ती घेऊन ते लगबगीने आडतीकडे निघाले. बस दुकानासमोरच थांबायची.

बस अजून आली नव्हती. पोत्यांच्या थप्पीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं. मास्तर हाक मारणार होते, पण थबकले. दोघं इंग्रजीत बोलत होते. एक आवाज वकिलांचा होता. दुसरा भरभर, न अडखळता बोलत होता. इतकं स्वच्छ इंग्रजी मास्तरांनी आपल्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलच्या तोंडूनच काय ते ऐकलं होतं.

“पुण्याला बी.ए.त पहिला वर्ग मिळवलास तू,” वकील म्हणत होते. “हे असं किती दिवस चालवायचं?”

“मास्तर आमच्या घरी हक्काने जेवायला शिकतील तोवर,” तिप्पण्णा म्हणाला.