गेटची चावी

मासेमारी सोसायटीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच बसवलं. सोसायटीच्या नोंदींच्या प्रोग्राममधलं 'जुनं साफ करा' हे बटण दाबलं, की त्यामागची कमांड रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, हक्काने चालायची. म्हणून आधी पासवर्डची चौकट यायची. अध्यक्ष हेमराजभाऊ वैतागले. "घडीघडी काऊन विचारते? पासवर्ड त्याच्यातच टाकून दे." "मंग कोणीबी बटण दाबन अन् सारी सोसायटी पुसून जाईन," मी म्हटलं. "भाऊ, तलावाच्या गेटची चावी गेटलेच लटकवता का?" त्यांचा हात करदोट्याला बांधलेल्या चावीवर गेला. गेट उघडं राहिलं, तर वर्षाची मासोळी पाण्याबरोबर धानात जाते; ती चावी त्यांनी बायकोलाही दिली नव्हती. "हा पासवर्ड कोणाले माहीत हाये?" त्यांनी विचारलं. "मले." "बदलता येते?" मी बदलायची चौकट उघडून खुर्ची सोडली. भाऊ एका बोटाने पहिलं अक्षर शोधता शोधता थांबले. "पोरी, तिकडं पाह्य."