शेवटचा लाल दिवा

कंपनी ग्राहकांची माहिती बाहेर विकते, असं भर बैठकीत बोलला म्हणून ओमाराला कामावरून काढलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी नालुवेम्बाला बोलावलं. "त्या नमकहरामाचं नाव आपल्या एकाही सर्व्हरवर दिसता कामा नये. कळलं ना, बाई?"

ज्याने बोट धरून हे काम शिकवलं, त्याचंच नाव पुसायचं! पण नोकरी गेली तर कंपालात दुसरी कोण देणार? सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिने मुकाट्याने नियम घातला: कुठल्याही कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'ओमारा' सापडला, की स्क्रीनवर त्या फाइलचा दिवा लाल. मग एकेका फाइलमधून ती त्याला पुसत गेली. जेवायलाही उठली नाही. संध्याकाळी सगळे दिवे हिरवे झाले, एक तेवढा लालच राहिला.

साहेब तणतणत आले. "अजून कुठे दडून बसलाय हा?"

नालुवेम्बाने मान वर केली नाही.

 

"तुमच्या हुकमासाठी घातलेल्या नियमात, साहेब. तोही एका कॉन्फिगरेशन फाइलमध्येच आहे. तिथलं नाव पुसलं, तर शोधायचं कोणाला हेच मशीनला कळणार नाही."