पुन्हा तीच बाही

सकाळी शिंपीणमावशी रागाच्या भरात सुनेला नको नको ते बोलली. गेल्याच रविवारी तिनं या जिभेसाठी देवाजवळ रडून क्षमा मागितली होती. म्हणूनच चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले, तेव्हा मशीनवरून मान वर न करताच तिनं सांगून टाकलं, "मी आता उपासनेला यायची नाही. किती वेळा तेच पाप घेऊन जायचं? प्रभूनंही माझ्यावर पाणी सोडलं असेल."

पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. पिशवीतून उपासनेचा झगा काढून तिच्यापुढे ठेवला. व्यासपीठाच्या खिळ्यात अडकून बाही पुन्हा तिथेच फाटली होती.

"अगं बाई, परत?" मावशी कडाडली. "डोळे काय खिशात ठेवून चालता?"

"राहू द्या मावशी. सारखा तिथेच फाटतो. चिंध्यांत टाका."

मावशीनं झगा ओढून पोटाशी धरला. "चिंध्यांत? माझ्या हातचा आहे हा! फाटला म्हणून काय परका झाला?"

बोलता बोलता ती थबकली. पाळकसाहेब मिशीतल्या मिशीत हसत होते.

"हसताय काय? येते रविवारी," तीही हसू दाबत म्हणाली. "पण तो मेला खिळा आधी ठोकून घ्या. मी शिवून देते म्हणून रोज फाडत बसायचं नाही!"

मग दोरा ओवता ओवता तिनं आतल्या खोलीकडे बघून सुनेला हाक मारली, "अगं, जरा चहा टाक..." आणि सुई तशीच ठेवून उठली. "नको, तू बस. मीच टाकते."