खालची वाट

शेवटच्या मुक्कामावरून मी पर्यटकांना घेऊन वर निघाले, तर बाबा सवयीनं खालच्या वाटेला वळले.

"बाबा, तिकडे कुठं?"

"गाडी चुकेल की, नेलीदा!"

सव्वीस वर्षं त्यांनी गोऱ्यांचे तंबू पाठीवरून इथवर आणले आणि इथूनच खाली उतरून परतीची रेल्वे पकडली. माचू पिक्चू कधी पाहिलंच नाही.

"आज वर जायचं तुमचंही तिकीट काढलंय. चला मुकाट्यानं."

सूर्यद्वारातून आमच्या पूर्वजांचं शहर दिसलं, तशी बाबांनी टोपी काढली.

"लबाडे, फोटोत एवढंसं दाखवलंस होय!"

पर्यटक नेहमीसारखे माहिती ऐकायला जमले. मी बाबांकडे तोंड करून सगळा इतिहास आधी आमच्या केचुआ भाषेत सांगितला. गोरे मागे उभे राहून भाषांतराची वाट बघत होते.