मुकी बॅट

"तुझ्यासारखे झेल कुणी घेत नाही हिरामण, पण तुझी बॅट बोलत नाही," म्हणत निवड समितीच्या अध्यक्षांनी जिल्ह्याच्या बेसबॉल संघातून त्याचं नाव खोडलं.

हिरामण जागचा हलला नाही. "मग मला प्रशिक्षक करा, सर. नऊ वर्षं कॅचर म्हणून फलंदाजांच्या मागे उकिडवा बसलोय. कोण कुठे चुकतो, तोंडपाठ आहे."

"मी कुठे चुकतो?" शेजारी बसलेल्या कप्तानाने हसत विचारलं.

"खांद्याच्या उंचीचा चेंडू तुला सोडवत नाही. दर मोठ्या सामन्यात त्यावरच बाद होतोस."

कप्तानाचं हसू मावळलं. "इतकी वर्षं का नाही बोललास?"

"संघात जेमतेम टिकलेल्याचं ऐकलं असतंस?"

अध्यक्ष बोलण्याआधीच कप्तानाने कोपऱ्यातली बॅट उचलली. "चला सर," तो हिरामणला म्हणाला, "मैदानावर दाखवा."